चांगुणानं रंग पुसला

चांगुणाचा राग आधी हातांत उतरायचा आणि मग जिभेवर यायचा. आधी रंगाच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण दाणकन बंद व्हायचं, मग बाई बोलायला लागायची. आसाराम मालकाच्या तमाशाच्या फडात ज्यानं ज्यानं म्हणून एखादा हंगाम काढला, त्याच्या कानाला हे झाकण ओळखीचं होतं. ते वाजलं की ढोलकीवाला ढोलकी उचलून राहुटीबाहेर सरके आणि नाचणाऱ्या पोरी घातलेल्या वेण्या सोडून उगाच पुन्हा घालायला बसत.

तिला सगळे मावशी म्हणत. मालकही म्हणायचा, आणि मालक वयानं तिच्याहून मोठाच होता. पाथर्डीकडच्या कोरड्या मुलखातली ही पोर परकर नेसायच्या वयात फडात आली आणि पुढं वीसेक वर्षं अशी नाचली, की नगरपासून करमाळ्यापर्यंत लोक बैलगाड्या जुंपून तिला बघायला यायचे. तिची गिरकी थांबायची आणि साडीचा घोळ मात्र क्षणभर उशिरा थांबायचा, असं तिला पाहिलेली माणसं अजून डोळे मिटून सांगतात. पण हे सगळं कानिफनाथ होता तोवर. कानिफनाथ तिचा नवरा, फडाचा ढोलकीवाला. तो गेला आणि तिनं पायातले चाळ सोडले ते सोडलेच. रंगाची पेटी मांडीपुढं ओढली. सफेदा, लाली, काजळ, खोबरेलाची बाटली आणि कोपऱ्याला तडा गेलेला आरसा. माणूस समोर मांडी घालून बसला की डाव्या हातानं त्याची हनुवटी धरायची आणि उजव्या हातानं त्याचा राजा करायची, नाहीतर दरोडेखोर, नाहीतर नाकात नथ घातलेली गवळणींची म्होरकी. फडातल्या एकेका माणसाचं कातडं तिच्या बोटांना पाठ होतं.

त्या फडाचा एक नियम होता. एकदा तोंडाला रंग लागला आणि ढोलकीच्या पाया पडलं, की माघार नाही. लोकांपुढं उभं राहून आल्याशिवाय रंग पुसायचा नाही. ताप असो, पायात काटा मोडलेला असो, घरी मयत असो. रंग अर्ध्यावर पुसला तर फडाचं वाटोळं होतं, अशी सगळ्यांची खात्री. खुद्द आसाराम मालकाला धाकटा मुलगा गेल्याची तार मिळाली तेव्हा तो रंगात होता. त्यानं तार कनवटीला खोचली, वग शेवटापर्यंत नेला, लोकांना हसवलं आणि मग राहुटीच्या मागं जाऊन दगडावर डोकं आपटून रडला. त्या काळी अशा गोष्टी फडाफडांत अभिमानानं सांगितल्या जात आणि ऐकणाऱ्याचा ऊर भरून येई. चांगुणाचा कधी आला नाही. "तार हातात आली तवाच रडला असता तर लोकांनी काय दगडं मारली असती व्हय?" ती म्हणायची. मालक मनातून दुखावायचा, पण मावशीला उलट बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

मोठ्या दुष्काळानंतरचा तो पहिला चैत्र. आदल्या वर्षांत जत्रा नावापुरत्या झाल्या होत्या. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि माणसं पुन्हा खडी फोडायला दुष्काळी कामावर निघून जायची. आता मात्र जत्रा दणक्यात भरत होत्या आणि फडाला उसंत नव्हती. त्या दिवशी मिरजगावच्या पुढं, बाभूळवाडीत हजेरी होती. हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, देवाच्या दारात करायचा खेळ. सामानाचा ट्रक सकाळीच पोचला. त्यात चांगुणा होती, पेटी होती, बहुतेक फड होता. मागून मालकाच्या जुन्या अँबॅसिडरमधून मालक आणि सोंगाड्या गहिनीनाथ यायचे होते. गाडी मच्छिंद्र चालवत होता.

गहिनीनाथ हा फडाचा जीव. पस्तिशीचा, हाडकुळा, वाकडे दात. तो नुसता उभा राहिला तरी लोकांना हसू फुटे. चांगुणाशी त्याचं विशेष सूत होतं, म्हणजे ती त्याला सगळ्यात जास्त शिव्या द्यायची.

ऊन तापलं तरी गाडी येईना. मग आला तो कांद्याचा एक ट्रक, आणि त्यातून ही मंडळी उतरली. आधी आसाराम मालक. कपाळाला पंचा गुंडाळलेला आणि तो रक्तानं लालभडक. शर्टावर रक्त, मिशीवर रक्त. एकच कालवा झाला. पोरी रडायला लागल्या, गावातल्या बायका हळद घेऊन धावल्या, कुणी खाट आणली. घोगरगावच्या अलीकडे मोरीवर अचानक मेंढरं आडवी आली, मच्छिंद्रनं गाडी वळवली आणि ती बाभळीवर जाऊन आदळली, एवढं त्या गोंधळातून कळलं.

मच्छिंद्र उतरला तो कुणाशी न बोलता पिंपळाच्या पारावर जाऊन बसला. दोन्ही हात पुढं, अजून स्टिअरिंग धरल्यासारखे. लोक त्याला तोंडाला येईल ते बोलत होते.

आणि सगळ्यात मागून गहिनीनाथ उतरला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मोडलेल्या गाडीतून मालकाला ह्यानंच ओढून काढलं होतं, ह्यानंच ट्रक थांबवला होता. उतरल्या उतरल्या त्यानं खाटेभोवतीच्या गर्दीकडं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मंडळी, मालकाच्या डोक्यानं गाडीची काच फुटली. काचंचं लई नुसकान झालं बघा."

गर्दी खो खो हसली. खाटेवरचा मालकसुद्धा विव्हळता विव्हळता हसला.

"तुला लागलं का रं?" चांगुणानं विचारलं.

"मला? मावशी, डॅशबोर्डानं माज्या प्वाटाला मुका दिला जरासा. बाभळीनं मला बघून तोंड फिरवलं."

पुन्हा हसू. चांगुणाही हसली. मालकाच्या कपाळाची चीर वरवरची निघाली. हळद दाबली, रक्त थांबलं. मालक उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "रंगाला बसा रं. देवाची हजेरी हाय."

जत्रेचे पंच राधाकृष्ण खाटेशेजारीच उभे होते. ऊस-कांद्याची शेती, दारात जीप, गावात शब्दाला मान. त्यांचा जीव भांड्यात पडला. "मालक, आमचं गाव हे इसरनार न्हाई," ते म्हणाले.

देवळामागच्या राहुटीत गहिनीनाथनं ढोलकीला हात लावून कपाळाला लावला आणि तो चांगुणासमोर येऊन बसला. बसला म्हणजे जवळजवळ कोसळला. तिनं त्याची हनुवटी धरली आणि सफेद्याचा पहिला हात दिला.

रंग बसेना.

एका गालावर तिनं तो चोपडला आणि बघता बघता त्यात ओघळ पडले. पदरानं घाम टिपला, पुन्हा हात दिला, पुन्हा ओघळ. चैत्रातल्या उन्हात घाम कुणाला येत नाही? पण उन्हाचा घाम गरम असतो. हा गार होता. वळचणीला रात्रभर राहिलेल्या घागरीसारखं त्याचं कातडं गार आणि ओलं लागत होतं.

"मावशी, मालकाच्या डोक्यानं गाडीची काच फुटली," गहिनीनाथ म्हणाला. "काचंचं लई नुसकान झालं."

राहुटीतली पोरं पुन्हा हसली. चांगुणाचा हात मात्र हवेत थांबला. गहिनीनाथ तोच विनोद त्याच माणसांपुढं दोनदा कधी करत नसे. एकदा वापरलेला विनोद त्याला उष्ट्यासारखा वाटायचा.

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. एका बाजूला सफेदा होता म्हणून कळत नव्हतं, पण दुसरी, बिनरंगाची बाजू सफेद्याहून फार काळी उरली नव्हती. ओठ जांभळे. तो मोठ्या जांभया देत होता, एकामागून एक. श्वास उथळ आणि भराभर. एक हात पोटावर घट्ट. "पानी दे ना गं," तो म्हणाला. "घसा सुकला. आन् ही राहुटी एवडी गार कशी गं?"

तिनं त्याचं मनगट धरलं. नाडी सापडेना. मग सापडली. ढोलकीवर बोटं तर धावत्या लयीत पडताहेत पण आवाज निघत नाही, तशी. चांगुणानं ती लय एकदा ऐकली होती.

कोल्हारच्या रस्त्यावर. फडाचा ट्रक उलटला होता आणि कानिफनाथ आपल्या पायांनी बाहेर आला होता. "मला काय झालं न्हाई, त्या पोरींकडं बघा," म्हणत तो लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला. सगळे ज्यांचं रक्त दिसत होतं त्यांच्याकडं धावले. कानिफनाथला थंडी वाजत होती, तहान लागली होती. लोकांनी चहा दिला, पाणी दिलं, पाठ थोपटली, "घाबरलाय, बसू द्या जरा" म्हणाले. चांगुणा त्याचा हात धरून तिथंच बसली होती. त्यानं एक जांभई दिली आणि मान टाकली. नंतर नगरच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या नर्सनं तिला व्हरांड्यात बाकावर बसवून सांगितलं. आतल्या आत रक्त गेलं होतं. रक्त कमी पडलं की शरीर जिवाच्या ठिकाणी तेवढं राखतं आणि हातपाय, कातडं गार सोडून देतं. माणूस पांढरा पडतो, घामाघूम होतो, तहानतो, बरळतो. बाहेर लागलेलं नसलं तरी. असा माणूस बसवायचा नाही, आडवा करायचा, पाय उंच करायचे, पांघरूण घालायचं, पोटात काही द्यायचं नाही, आणि गाडी मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा. "बसवून ठेवलंत तिथं वेळ गेला, बाई," नर्स म्हणाली होती. चांगुणाला तेव्हा रडू आलं नव्हतं. राग आला होता. एवढी साधी गोष्ट, आणि आख्ख्या रस्त्यावर एकालाही ठाऊक नव्हती! तो राग गेला नाही. पेटीच्या झाकणात जाऊन बसला.

ते झाकण आता वाजलं. असं, की बाहेर देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं दचकली.

चांगुणानं पदराचं टोक खोबरेलात बुडवलं आणि गहिनीनाथच्या तोंडावरचा रंग पुसून काढला.

"मावशी!" कुणीतरी किंचाळलं. "रंग पुसला! मालक, मावशीनं रंग पुसला!"

"आडवा व्हय," ती गहिनीनाथला म्हणाली. त्याच्या खांद्याला धरून तिनं त्याला सतरंजीवर निजवलं, कमरेचा करदोटा आणि धोतराची गाठ सैल केली, पेटी ओढून त्याचे दोन्ही पाय तिच्यावर ठेवले. "वाकळा आना. हायती तेवड्या. बघत काय बसल्यात, मी गवळन म्हनत न्हाई!"

आसाराम मालक आत आला तो कपाळाच्या पट्टीला हात लावतच. "मावशी, काय केलंस हे? ढोलकीच्या पाया पडला हुता तो!"

"पडला हुता. आता मरायला लागलाय."

"मरायला? आत्ता बाहीर लोकं हसवून आलाय!"

"तुमचं डोकं फुटलं म्हून सगळे तुमच्याकडं पळाले. ह्याचं आत फुटलंय. गाडी आना."

"मावशी, मला बघ," मालक कळवळून म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "रक्तबंबाळ झालो तरी उभा ऱ्हानार हाय ना मी? मी पोराची तार कनवटीला लावून उभा ऱ्हायलोय. जरा घाबरलाय तो. एकदा ढोलकी वाजली की आपसूक ताठ हुईल. आपल्या मानसाचं औषिदच ते हाय."

"तुमी उभे ऱ्हायला ते तुमचं काळीज," चांगुणा म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. एके काळी माईकशिवाय शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचणारा तो आवाज होता. "काळजाला झालेलं वग संपस्तोवर थांबतं. प्वाटात फुटल्यालं थांबत न्हाई! तुमच्या रंगामुळं ह्याचं तोंड पांढरं पडल्यालं मला दिसंना. मला! जिचे हात रोज ह्या तोंडावर फिरत्यात! असला कसला नियम तुमचा, की मेल्याला जिवंत दाखवायचा?"

एव्हाना राहुटीच्या तोंडाशी गाव गोळा झालं होतं. मोरीवरची ती बाभळच वाईट आहे, जागेचं काहीतरी लागलंय, लिंबू उतरवा, भगताला बोलवा, असं बायका बोलू लागल्या. एका म्हाताऱ्यानं कुणाच्या तरी हातून कपभर चहा पुढं सारला. "गोड चहा पाजा, हुशारी येईल." चांगुणानं तो कप घेतला आणि जमिनीवर ओतला.

"पानी," गहिनीनाथ म्हणाला. "मावशी, घोटभर."

"न्हाई."

"घोटभर गं. तुज्या पाया पडतो."

"पडू नगं. निजून ऱ्हा."

गर्दीत कुजबूज उठली. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला परकं माणूसही धावतं, आणि ही बाई तांब्या शेजारी असून नाही म्हणतेय. "पापीन हाय," कुणी तरी मोठ्यानं म्हणालं. चांगुणानं तिकडं मान वळवली. "व्हय, हाय पापीन! एकाला पानी पाजून बसले हुते, तो गेला. ह्याला न्हाई पाजनार. दवाखान्यात पोट फाडावं लागलं तर रिकामं पायजे. ज्याला पुण्य पायजे त्यानं गाडी आनावी!"

राधाकृष्ण पंच गर्दी सारून आत आले. चेहरा तांबडा झाला होता. "बाई, तुमचं भांडन तुमच्याजवळ ठेवा. देवाच्या दारात हजेरी मोडली तर गाव आमाला जाब इचारील."

चांगुणा उठून उभी राहिली. तिनं पंचांचा हात मनगटाशी धरला. एका तमासगीर बाईनं गावच्या पंचाचा हात असा चारचौघांत धरणं, म्हणजे! पण पंच हिसडा देणार तोवर तिनं तो हात ओढून गहिनीनाथच्या कपाळावर ठेवला होता.

पंच वाकलेले होते ते तसेच राहिले. भर चैत्रात, तापलेल्या कापडाच्या राहुटीत, वाकळेखालच्या माणसाचं कपाळ त्यांच्या तळव्याला लागलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तांबडेपणा उतरत गेला.

"जीप काढतो," ते म्हणाले. "मीच चालवतो."

गहिनीनाथला मालकाच्या खाटेवर घातलं आणि खाटेसकट उचलून जीपच्या मागच्या भागात ठेवलं. डोकं खाली, पाय गाठोड्यांवर. निघता निघता चांगुणाचं लक्ष पाराकडं गेलं. मच्छिंद्र अजून तसाच बसला होता, हात पुढं धरून, दातखीळ बसल्यासारखा. भोवती चार जण त्याला शिव्या घालत होते. ती त्यांच्या अंगावर धावून गेली. "मेंढरं वाचवली त्यानं, मान्सं वाचवली, तुमी त्याला मारा आता! त्याला निजवा सावलीत. वाकळ घाला. एकानं जवळ बसा, गोडीनं बोला, त्योच त्योच बोलला तरी ऐकून घ्या. आन् आज त्याच्या हातात कसलीबी गाडी देऊ नका. थरथर वाढली, रंग उतरला, तर त्यालाबी मागनं घिऊन या." मग ती जीपमध्ये चढली.

मिरजगाव मागं पडलं. रस्ता तेव्हा एकेरी, कडेला खडीचे ढीग, दुष्काळी कामावर फोडलेले. प्रत्येक खड्ड्याला गहिनीनाथ कण्हत होता. चांगुणा त्याच्या डोक्याशी बसून त्याच्या ओठांवर ओलं फडकं टेकवत होती, तेवढंच. त्यानं ते चोखायचा प्रयत्न केला की काढून घेत होती. एकदा त्याला ओकारी आली तेव्हा तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि तोंड पुसलं.

"बाई," पंच पुढून म्हणाले, आणि त्यांचा आवाज ओला होता, "एक घोट द्या की हो. बघवत न्हाई."

"तर बघू नका. रस्त्याकडं बघा."

रुईछत्तीशीच्या आसपास गहिनीनाथ बरळायला लागला. कानिफनाथ ढोलकी घेऊन उभा आहे, म्हणाला. चांगुणाला असा संताप आला, की तिनं त्याचा कान पिळला. "त्याला म्हनावं, आज हजेरी न्हाई! ऐकतोस का? मालकानं सुट्टी दिलीया म्हनावं. डोळे उघड. माजं नाव सांग."

"मावशी."

"ते समदं गाव म्हनतं. नाव सांग."

"चांगुना," तो म्हणाला. त्यानं तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती.

"आता पुन्यांदा सांग." नगर येईपर्यंत ती त्याच्याकडून स्वतःचं नाव वदवून घेत राहिली. तिच्या जिवाला मात्र भीतीनं ग्रासलं होतं, कारण नावामागून नाव येत होतं आणि प्रत्येक नाव आधीच्याहून बारीक येत होतं.

दवाखान्यात त्याला सरळ आत नेलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती, पोटात रक्त साठलं होतं. पोट उघडून ती काढावी लागली. रक्त लागलं. राधाकृष्ण पंचांचं जुळलं, त्यांनी बाही वर केली. हजेरीचं, जाबाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. चांगुणा व्हरांड्यातल्या बाकावर बसली नाही. तिला त्या बाकांची चीड होती. ती भिंतीला धरून उभी राहिली.

उन्हं कलली तेव्हा आसाराम मालक आला. भेटेल त्या गाडीला हात करत आला होता. दवाखान्यातली माणसं वळून वळून पाहत होती, कारण मालकाच्या तोंडावर सोंगाड्याचा रंग होता. एका गालावर मोठा काळा तीळ, भुवया वाकड्या, आणि वर कपाळाची रक्ताळलेली पट्टी.

"मीच केलं सोंग," तो म्हणाला. "हजेरी मोडू दिली न्हाई. लोकं लई हसली न्हाईत, पर देवाचं राखलं. कसा हाय तो?"

"आत हाय. डाक्टर म्हनत्यात वाचंल. आनखी उशीर झाला असता तर न्हाई."

मालकानं डोळे मिटले. रंगावरून पाण्याचा ओघळ आला. त्याचं प्रेम खरं होतं, चांगुणाला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिचा राग आणखी पेटला. लबाड माणसावर रागावून मोकळं होता येतं.

"मालक, रडू नका माज्याम्होरं. ह्याला बोर्डावर उभा केला असता, तो मेला असता, आन् तुमी जल्मभर आब्रूनं गोष्ट सांगितली असती, गहिनीनाथ रंगात गेला म्हून! लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. माज्या नवऱ्याचीबी सांगता. पोरींकडं बघा म्हनाला आन् गेला, केवडा दिलदार! मला ती गोष्ट ऐकून ऐकून वीट आलाय. दिलदार न्हवता तो, त्याला कळलं न्हवतं. आमाला कुनालाच कळलं न्हवतं."

"मावशी, नियम माज्या बापापासनं..."

"तुमच्या बापालाबी कळलं न्हवतं. त्यो नियम फडाम्होरं उभं ऱ्हाऊन मोडा. तवर मी कुनाच्या तोंडाला बोट लावनार न्हाई."

मालक परत गेला. त्या हंगामात पुढच्या सगळ्या जत्रा फडानं आपल्या हातांनी रंग लावून केल्या, आणि लोक म्हणत, यंदा राजा कोण आणि दरोडेखोर कोण कळतच नाही. मालकानं निरोप धाडले, साडी धाडली. साडी परत आली. शेवटी एका गावात, खेळ सुरू व्हायच्या आधी, त्यानं सगळ्या फडाला ढोलकीपुढं उभं केलं आणि दुखणाऱ्या माणसानं रंग पुसला तर तो फडाचा गुन्हा नाही, असं सांगितलं. सांगताना तो चाचरला, म्हणतात. चाळीस वर्षं बोर्डावर न चाचरलेला माणूस.

पण ते नंतर. त्याआधी, गहिनीनाथ दवाखान्यात उठून बसायला लागला होता तेव्हा, चांगुणा त्याच्या खाटेशी पेज घेऊन बसली होती. तो घासागणिक काहीतरी बोलत होता. शेजारच्या खाटांवरची माणसं हसून टाके दुखतात म्हणून तक्रार करत होती.

"मावशी, तू लई वंगाळ केलं," तो म्हणाला. "देवाच्या दारात, रंगात, लोकांम्होरं गेलो असतो! काय मरन हुतं! पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसली असती लोकं."

चांगुणानं वाटी फरशीवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. पेज उडाली.

"कोन सांगत बसलं असतं? तुजी बायकू? तिला सांगायला जमलं असतं? मी सांगू शकले का कदी? त्या टायमाला दुखत हुतं का तुला? खरं सांग."

गहिनीनाथ हसायला गेला आणि त्याचे वाकडे दात तसेच उघडे राहिले.

"गाडीतनं उतरलो तवाच कळलं हुतं," तो हळू म्हणाला. "आत काय तरी तुटलं म्हून. पर मालकाचं रक्त दिसत हुतं. आन् म्या तोंड उघडलं तर लोकं हसली. हसनाऱ्या मानसाला कसं सांगायचं, मावशी? मला येतच न्हाई ते."

"मग शिक. म्हन, दुखतंय."

"आता न्हाई एवडं..."

"म्हन म्हन्ते ना!"

"दुखतंय गं बाई मला," तो म्हणाला, पण सवयीनं नाकातून, गवळणीच्या सुरात. शेजारच्या खाटेवरचा माणूस फिसकन हसला.

चांगुणा त्याच्याकडं वळली. "हसतोस कशाला रं? पोट फाडल्यालं मानूस हाय ते! हसायची गोष्ट हाय का?" त्या माणसानं गोधडी तोंडावर ओढली.

"म्हन," ती गहिनीनाथला म्हणाली.

उघड्या, बिनरंगाच्या तोंडानं तो तिच्याकडं पाहत राहिला. मग, कुणाचाच नसलेल्या, कधी कुणी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "दुखतंय, मावशी."

"कुटं?"

त्यानं हात नेऊन दाखवलं.

"आनखी मोठ्यानं," ती म्हणाली, आणि फरशीवर सांडलेली पेज पुसायला खाली वाकली.